नातेवाईकाची चिठ्ठी

मॅडम : ...अकरा वेळा. तूच मोज एकदा, माझे डोळे शिणले. नर्सिंगच्या बारा मुलींची तुकडी, या सरावाच्या वॉर्डात प्रत्येकीची एक फेरी, आणि या भूमिकांच्या वहीत तुझ्या नावासमोर अकरा वेळा 'नातेवाईक'.

ताई : चिठ्ठी निघते ना, मॅडम. एकेकाच्या नशिबात असतं.

मॅडम : नशिबाला एवढी चिकाटी नसते, बाई. मुख्य नर्स आळीपाळीने होते. बाकीच्या तुम्ही ट्रेमधून चिठ्ठ्या उचलता. एक मदतनीस, एक औषधांची, एक नातेवाईक, उरलेल्या सगळ्या निरीक्षक. मग ती एकच चिठ्ठी दर वेळी तुझ्याच बोटांना कशी चिकटते?

आवाज : मॅडम, माझा माईक चालू आहे, आधीच सांगून ठेवतो. नंतर 'काचेमागून चोरून ऐकलं' म्हणू नका.

मॅडम : तू ऐकतोसच. काचेमागे बसून या बाहुलीच्या तोंडून कण्हायचं, एवढं एक काम तुला. तेवढं कर.

आवाज : चार वर्षं रोज आजारी पडतोय मी इथे. दिवसातून चारदा छातीत दुखतं, दोनदा श्वास अडतो. आजवर एकीनेही जाताना 'दादा, आता बरं वाटतंय का' असं विचारलं नाही.

ताई : आता बरं वाटतंय का, दादा?

आवाज : तुम्ही विचारता हो, ताई. पण तुम्ही पडलात नातेवाईक. नातेवाइकांनी विचारायचंच असतं.

मॅडम : विषय बदलू नका दोघं. मला चिमणीने सांगितलंय सगळं.

ताई : चिमणीने? त्या पोरीच्या पोटात काही राहील तर शपथ!

मॅडम : तुकडीतली सगळ्यांत लहान ती. मी नुसतं बघितलं तिच्याकडे, तर भडाभडा बोलली. 'मॅडम, ताई आमच्याशी चिठ्ठी बदलतात. नातेवाईक कोणालाही येऊ दे, त्या मागून घेतात.'

ताई : मागावी कुठे लागते? पोरी हातात कोंबतात. नातेवाइकाला मार्क नाहीत, फॉर्मात साधा रकाना नाही. कार्डावर एकच ओळ. 'नातेवाईक काळजीत आहे, मधूनमधून प्रश्न विचारतो.' या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली, बाहुलीसमोर रडायची लाज वाटते त्यांना. मला काय! एका मुलीची आई मी. माझी लाज लेबर रूममध्येच राहिली.

मॅडम : आणि तुझी स्वतःची फेरी आली की पोट दुखतं. दोनदा दुखलं. आज शेवटचा दिवस आहे, हे ठाऊक आहे ना? पाच वाजता सगळे फॉर्म ऑफिसात गेले पाहिजेत. मुख्य नर्सची फेरी नाही, तर परीक्षा नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

ताई : ठाऊक आहे.

मॅडम : थांबशील सहा महिने?

ताई : नाही थांबता येणार. जाऊबाईंना सातवा लागलाय. आत्ता त्या माझ्या मुलीला बघतात म्हणून मी इथे उभी आहे. 'एवढी परीक्षा झाली की संपलं' असं घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय. सहा महिन्यांनी त्यांच्याच मांडीवर तान्हं असेल. माझी चार वर्षांची धावती पोर कोणाच्या गळ्यात घालू? सासूबाईंचे गुडघे बसले की उठत नाहीत. त्या तर आत्ताच विचारतात, 'अजून किती दिवस जायचं त्या बाहुलीशी खेळायला?'

आवाज : त्यांना म्हणावं, बाहुली एकदा कुशीवर वळवून दाखवा. पाठीत उसण भरते की नाही बघा.

मॅडम : तू थांब रे. मग अडतंय कुठे तुझं? तुझं बीपी घेणं तुकडीत सगळ्यांत चांगलं. हात हलका आहे. बोलणं गोड आहे. मुली तुला उगाच ताई म्हणत नाहीत. भीती कसली वाटते?

ताई : भीती नाही.

मॅडम : मग?

ताई : मला बघायचं होतं.

मॅडम : काय?

ताई : कोणी ऐकतं का ते.

मॅडम : नीट बोल. आणि बोलता बोलता या बाहुलीच्या, आपल्या आजोबांच्या हातात रक्त म्हणून ते लाल पाणी भर. शीर रिकामी आहे. वेळ नाहीये आपल्याला.

ताई : भरते. मी प्रत्येक फेरीत एकच प्रश्न विचारते, मॅडम. 'सिस्टर, बाबांना थोडं पाणी देऊ का?'

मॅडम : मी तर कधी ऐकला नाही.

ताई : तुम्ही काचेमागे मान खाली घालून फॉर्म भरत असता.

आवाज : मी ऐकलाय. मला वाटायचं, ताईंनाच तहान लागते.

ताई : सगळ्या फेऱ्या एकाच पेशंटच्या. आजोबांना झटका आलाय, डावी बाजू गेलीय, गिळता येत नाही. उशाशी पाटी लावलेली असते, तोंडावाटे काही द्यायचं नाही. मग मी पाणी विचारल्यावर कोणीतरी 'नको' म्हणायला हवं ना? तिघी म्हणाल्या. दोघी 'थांबा हं' म्हणाल्या आणि विसरून गेल्या. चिमणी तर 'हो हो, द्या ना' म्हणाली. उरलेल्या पाच जणींना ऐकूच गेलं नाही. मी हाताच्या अंतरावर उभी होते.

मॅडम : हे तू मला आज सांगतेस?

ताई : आज विचारलंत.

मॅडम : आणि ही सगळी पाहणी कशासाठी?

ताई : ही सुई इथे बसेना. हां, बसली. माझे बाबा असेच होते, मॅडम. सहा वर्षं झाली. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. त्यांचीही डावी बाजू गेली. बोलणं असं, तोंडात गोळा धरल्यासारखं. पण 'पाणी' तेवढं लख्ख म्हणायचे. दुसरं काही नाही. दिवसभर नुसतं पाणी, पाणी. त्यांच्याही उशाशी पाटी होती. तीन इंग्रजी अक्षरं. एन, बी, एम. मला वाटलं, पलंग बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल.

मॅडम : अगं...

ताई : सिस्टर सलाईनपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. मी विचारलं, 'सिस्टर, थोडं पाणी देऊ का यांना?' त्यांनी मान हलवली. हो म्हणून. मी चमच्याने दिलं. तीन चमचे. इतके खूश झाले हो बाबा! माझा हातच धरून ठेवला. चौथ्या चमच्याला खोकला आला. तो थांबलाच नाही. न्यूमोनिया म्हणाले. चार दिवसांनी गेले.

मॅडम : त्या अक्षरांचा अर्थ तुला कोणी...?

ताई : तुम्ही. पहिल्या वर्षी, दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, एन. बी. एम., म्हणजे तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. तोवर मला वाटत होतं, बाबा आजाराने गेले.

मॅडम : तू वर्गातून उठून गेली होतीस त्या दिवशी.

ताई : तुम्ही ओरडलात. 'न विचारता बाहेर जायची इथे पद्धत नाही.'

मॅडम : ओरडले असेन.

ताई : दहा मिनिटं बेसिनपाशी नळ सोडून उभी होते. मग परत आले. तोवर तुम्ही पुढचा शब्द शिकवत होतात.

आवाज : ताई, माईक बंद करू का मी? मला बरं नाही वाटत ऐकायला.

ताई : राहू द्या, दादा. तुम्ही नेहमी ऐकता. मॅडम, त्या सिस्टरचा चेहरा मला आठवत नाही. मान आठवते. टोपीखालची, मागून. भाजी निवडताना आठवते, मुलीची वेणी घालताना आठवते. एका माणसाने मागे वळून न बघता 'हो' म्हणावं आणि माझे बाबा जावेत! मी त्या बाईला मनातल्या मनात किती बोललेय, सांगता येणार नाही.

मॅडम : मग नातेवाईक होऊन काय मिळालं तुला? अकरा वेळा तिथेच उभी राहिलीस.

ताई : काही नाही मिळालं. प्रत्येक वेळी वाटायचं, ही वळेल. तिघी वळल्या, तेव्हा एवढं बरं वाटलं की मी खरंच रडले. तुम्ही म्हणालात, 'छान अभिनय.'

मॅडम : म्हणाले खरी.

ताई : घरी गेले की मुलगी दारातच विचारते, 'आई, आज तू कोण झालीस?' नातेवाईक म्हटलं की नाक मुरडते. तिच्या बाहुलीच्या दवाखान्यात ती स्वतः सिस्टर असते आणि मला बाहेर उभं करते. 'तुम्ही बाहेरच थांबा, आत गर्दी करू नका.' हे कुठून शिकली, देव जाणे.

मॅडम : हे बघ, चार वीस झाले. सगळ्या मुली गेल्या आहेत. मदतनीस नाही, औषधांची नर्स नाही. वॉर्डात तरी कुठे असतात वेळेला! नातेवाईक मी होते. तू मुख्य नर्स. ज्या एका गोष्टीसाठी अकरा वेळा ताटकळलीस, ती आज तू कर. तू ऐक. ऐकशील ना?

ताई : मी नाही ऐकणार तर कोण ऐकणार, मॅडम?

मॅडम : झालं तर मग. फॉर्म इथे ठेवते. सलाईनची नवी बाटली लावायची, मिनिटाला वीस थेंब. बीपी, ऑक्सिजन, औषधांचा कागद तपासणं. थेंब घड्याळावर पूर्ण मिनिटभर मोजायचे. अंदाजपंचे नाही चालणार.

आवाज : थेंब मोजताना मी वरून कॅमेऱ्यात बघत असतो. काय एकेक तऱ्हा! एकीचे ओठ हलतात, एक पाय आपटते, चिमणी जीभ बाहेर काढून मोजते.

मॅडम : तू आता आजोबा हो. आणि मी यांची मुलगी. मला चुकूनही 'मॅडम' म्हणालीस तर पहिल्याच मिनिटाला मार्क जातील. तो चमचा-पेला उशाशी राहू दे, रिकामाच आहे. बाहुलीच्या तोंडात खरं पाणी गेलं की आतलं मशीन बिघडतं.

ताई : हात धुते आणि येते.

(मॅडम पांढरा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतात आणि पलंगाच्या उशाशी जाऊन बसतात. काचेमागचा लाल दिवा लागतो.)

ताई : नमस्कार, आजोबा. मी तुमची आजची सिस्टर. संध्याकाळपर्यंत तुमच्याजवळच आहे. ऐकू येतंय ना?

आजोबा : हं... हो.

ताई : आणि तुम्ही कोण यांच्या?

मॅडम : मुलगी. सिस्टर, हे परत बोलतील ना नीट?

ताई : बसा ना, उभ्या का? बोलणं परत यायला वेळ लागतो. काहींचं बरंच येतं, काहींचं थोडं. आज मी तुम्हाला खोटं काही सांगणार नाही. पण ते ऐकतायत, बरं का. त्यांच्याशी बोलत राहा.

मॅडम : रात्रभर हात आपटत होते.

ताई : हा उजवा? बघते हं. आजोबा, दंडाला पट्टा बांधते, जरा आवळल्यासारखं होईल. एकशे चाळीस, नव्वद. ऑक्सिजन पंच्याण्णव. ठीक आहे.

आजोबा : पा... पा...

ताई : हो, आजोबा. आहे मी इथेच. आणि हे बघा, तुम्हाला एक फार महत्त्वाचं सांगायचंय बाबांच्या खाण्यापिण्याचं. एवढी ही बाटली बदलते, संपत आलीय, आणि सांगते.

मॅडम : घाई नाही, सिस्टर. तुमचं चालू द्या.

ताई : नाव तपासलं. तारीख बरोबर. नळीत हवा नाही. लावली. अरे, फार जोरात चाललंय हे. थांबा. एक, दोन, तीन, चार...

आजोबा : पाणी...

मॅडम : बाबा, काय हवंय? पाणी? ओठ बघा कसे सुकलेत. सिस्टर, थोडं पाणी देऊ का यांना?

ताई : ...दहा, अकरा, बारा, तेरा...

मॅडम : दोनच चमचे हो. देऊ ना?

ताई : ...सतरा, अठरा, एकोणीस...

मॅडम : बरं. घ्या बाबा. आ करा. हं. अजून एक.

ताई : ...सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. अठ्ठावीस! कमी करायला हवं. हे चाक असं. परत मोजते. एक, दोन, तीन...

आजोबा : ख्वॅ... ख्वॅक...

मॅडम : सिस्टर! सिस्टर, यांना खोकला आलाय, थांबत नाहीये!

ताई : बाजूला व्हा जरा. डोकं वर घेते. आजोबा, कुशीवर, माझ्याकडे, असं. तोंड साफ करते. ऑक्सिजन ब्याऐंशी. सक्शनच्या नळीने घशातलं ओढून घेते. मास्क. आजोबा, श्वास घ्या, हळू. नाकाने. मी आहे. हॅलो, डॉक्टर? वॉर्डातून मुख्य नर्स बोलतेय. झटक्याचा पेशंट, गिळता येत नाही, आत्ता अचानक खोकला, ऑक्सिजन ब्याऐंशीपर्यंत गेला. सक्शन केलंय, ऑक्सिजन लावलाय, आता अठ्ठ्याऐंशी. लगेच या.

आजोबा : हं... हं...

ताई : हां, असंच. एकोणनव्वद. नव्वद. शाब्बास, आजोबा.

मॅडम : थांबू या. चार छत्तीस. दिवा बंद कर रे.

ताई : मॅडम, असं कसं? या फेरीत खोकला नसतो. अकरा वेळा नव्हता.

मॅडम : फॉर्मात पहिला प्रश्न, 'मुख्य नर्सला कसं वाटलं?'

ताई : छातीत धडधडतंय अजून. पण मी केलं ना बरोबर? सगळं केलं. आणि मी वाट बघत होते हो, तुम्ही पाण्याचं विचारण्याची. मुद्दाम आधी सांगितलं नाही पूर्ण. म्हटलं, विचारू दे, मग वळून नीट सांगेन, हात धरून. तुम्ही विचारलंच नाहीत.

मॅडम : विचारलं.

ताई : कधी?

मॅडम : दोनदा.

ताई : नाही, मॅडम.

मॅडम : दोनदा विचारलं. तू हो म्हणालीस. म्हणून मी चमचा लावला त्यांच्या तोंडाला.

ताई : मी? मी हो म्हणेन? जिवात जीव असेपर्यंत मी...

मॅडम : मलाही धक्काच बसला. मनात म्हटलं, अगं, ही 'हो' कशी म्हणतेय? पण मी नातेवाईक होते. परवानगी मिळाली, दिलं.

ताई : दादा, तुम्ही ऐकलंत? मी हो म्हणाले?

आवाज : ऐकलं असं नाही. मॅडमनी चमचा लावला, मग मी काय करणार? खोकलो. रेकॉर्डिंग आहे, ताई. लावू?

ताई : लावा.

आवाज : काचेशेजारच्या पडद्यावर बघा. चार एकतीस. हे.

ताई : ही मी.

मॅडम : हो.

ताई : 'थोडं पाणी देऊ का यांना?' ...विचारलंत. अहो, खणखणीत विचारलंत.

मॅडम : मोठ्याने विचारलं मी.

ताई : मला कसं नाही ऐकू आलं? 'देऊ ना?' ...थांबवा, दादा. ही मान काय करतेय माझी?

आवाज : थेंब मोजतेय. एक थेंब, एक मान.

ताई : मागे घ्या ना थोडं. आणि समोरून नको. पाठमोरी दिसते का कुठून? उशाशी बसलेल्या माणसाला दिसते तशी?

आवाज : कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून दिसेल. थांबा. हं, ही.

ताई : अशीच होती.

मॅडम : काय?

ताई : मान. अगदी अशीच हलली होती. दोनदा, सावकाश. मग मी चमचा उचलला.

आवाज : बंद करू, ताई?

ताई : करा.

मॅडम : बस जरा. पाणी हवंय तुला? ...नको. मी काय विचारतेय.

ताई : सहा वर्षं, मॅडम. सहा वर्षं मी तिला झोपू दिलं नाही. तिला कधी ठाऊकही नसेल. ती नुसती मोजत होती.

मॅडम : तू नक्की नाही म्हणू शकत. कदाचित तिने खरंच हो म्हटलं असेल.

ताई : कदाचित. आता ते कोणाला विचारू? पाटी होती, पाटी मी वाचली नाही. प्रश्न होता, तो तिने ऐकला नाही. मग चुकलं कोण? मला कोणाचा तरी राग यायला हवा ना, मॅडम? इतकी वर्षं तेवढा एक राग होता हाताशी.

मॅडम : नऊ वर्षं होते मी वॉर्डात. इथे यायच्या आधी. एकेका पाळीत चाळीस-चाळीस बाटल्या. माझ्या पाठीमागे कोण काय विचारत होतं, मला एकही वाक्य आठवत नाही. मी आपली समजत आले की कोणी विचारलंच नाही.

ताई : मग करायचं काय? मोजायचं नाही?

मॅडम : मोजावं तर लागतंच. नाही मोजलं तर सलाईन धो धो जाईल, छातीत पाणी भरेल.

ताई : मग?

मॅडम : मला माहीत नाही. पुस्तकात एक ओळ आहे, 'परिचारिकेने नातेवाइकांशी सतत संवाद राखावा.' दर वर्षी शिकवते मी ती. परीक्षेत दोन मार्कांना येते.

आवाज : चार पंचेचाळीस, मॅडम. ऑफिसचा शिपाई दोन चकरा मारून गेला.

मॅडम : बघतेय. बीपी, पैकीच्या पैकी. ओळख करून देणं, पैकीच्या पैकी. खोकल्यानंतरचं सगळं, मी केलं असतं त्याहून चांगलं. आणि खाली ही चौकट. 'पेशंटला इजा होईल अशी गंभीर चूक.' इथे एक खूण झाली की वरचं काही धरत नाहीत. पहिलंच वाक्य छापलेलं आहे, 'तोंडावाटे काही देण्यास प्रतिबंध केला नाही.'

आवाज : मॅडम, चमचा रिकामा होता. मी खोकलो नसतो तर कोणाला कळलं असतं? मी पुसतो ते रेकॉर्डिंग. मशीन अडलं म्हणून लिहितो. अडतंच की ते एरवीही.

ताई : पुसू नका, दादा.

आवाज : अहो, सहा महिने! जाऊबाई!

ताई : माहीत आहे मला. पुसू नका तरी.

मॅडम : मी चमचा लावायला नको होता. बाकीच्या अकरा जणींच्या वेळी तू नुसतं विचारलंस. पाजलं नाहीस. त्या सगळ्या पास झाल्या. चिमणीसुद्धा.

ताई : मी खोटी नातेवाईक होते, मॅडम. मला पाटी वाचता येत होती. तुम्ही बरोबर केलंत. नातेवाईक नुसतं विचारून थांबत नाही, पाजतो.

मॅडम : अजून एकदा घेऊ? पंधरा मिनिटं आहेत.

ताई : आता मला ठाऊक आहे तुम्ही कधी विचारणार. त्याला काय अर्थ?

मॅडम : मग मी काय लिहू? तूच सांग. मी बारा वर्षं हे फॉर्म भरतेय, हात कधी अडला नाही.

ताई : झालं ते लिहा.

मॅडम : लिहिते. खूण करते. आणि प्राचार्यांना वेगळा अर्ज देते, खास बाब म्हणून परीक्षेला बसू द्यावं. मनापासून लिहीन.

ताई : मानतात ते असा अर्ज?

मॅडम : मागे दोघींसाठी दिला होता.

ताई : मग?

मॅडम : उत्तर यायचंय.

ताई : कधी दिला होता?

मॅडम : जाऊ दे ते. इथे सही कर तू. या रेघेवर. 'चूक मला समजावून सांगण्यात आली आहे.'

ताई : केली. द्या आता तो कोट नीट अडकवते. आणि आजोबांचं लाल पाणी काढून टाकते, रात्रभर नळीत राहिलं की आत बुरशी धरते.

मॅडम : राहू दे, मी करते. तू नीघ.

ताई : होतंच आलंय. हात पुसून पांघरूण घातलं की झालं. दादा?

आवाज : हं?

ताई : आता बरं वाटतंय का?

आवाज : हो, ताई. बरं... बरं वाटतंय.

मॅडम : घरी काय सांगशील?

ताई : यांना सांगेन आज. सासूबाईंना उद्या. जाऊबाईंना कसं सांगायचं, ते बसमध्ये ठरवेन. त्यांनी तान्ह्याची दुपटी शिवायला घेतलीत, मी म्हटलं होतं, परीक्षा झाली की मीच पुरी करते.

मॅडम : आणि मुलगी? ती तर दारातच असेल.

ताई : असेल ना. तिला काय, सिस्टर झाले म्हणेन. उड्या मारेल जरा. ती पुढचं काही विचारत नाही.